न सापडलेल्या रेणूचा इतिहास

अन्नातील वा प्रकाशातील ऊर्जा पेशी एटीपी या रेणूत कशी साठवते? १९५३ मध्ये एडवर्ड स्लेटर यांनी मांडले की, यामागे एखादा ऊर्जासंपन्न मध्यस्थ रेणू असावा. अनेक प्रयोगशाळांनी तो शोधला. हाती काही लागले नाही.

१९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी वेगळाच विचार मांडला: असा रेणू नाहीच. तंतुकणिका व हरितलवक यांच्या पटलाच्या एका बाजूस प्रोटॉन साचतात आणि धरणाच्या पाण्याप्रमाणे परत वाहताना एटीपी घडवतात. बहुतेकांना हे पटले नाही.

१९६६ मध्ये जॅगेनडॉर्फ व उरिबे यांनी हरितलवकांची पटले आम्लात भिजवून अंधारातच अल्कधर्मी द्रावणात टाकली. प्रकाशाविना एटीपी तयार झाले! १९७८ मध्ये मिचेल यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मध्यस्थ रेणूच्या शोधातील अपयश हाही पुरावाच होता. तो मिचेल यांनी वाचला.