भीमबेटकाची भिंत आणि वहीतला पुरावा

जबलपूरच्या मदन महलच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या. तेथून इटारसीमार्गे भोपाळकडे निघालेली गाडी नर्मदा ओलांडते तेव्हा खडक बदलतो आणि विंध्याचा वालुकाश्म सुरू होतो. भीमबेटकाचे शैलाश्रय याच वालुकाश्मातले. १९५७ मध्ये रेल्वेप्रवासात दिसलेल्या या खडकांकडे विष्णू श्रीधर वाकणकर वळले. ते पुरातत्त्वज्ञ होते तसेच चित्रकारही. शैलचित्रांच्या प्रतिकृती त्यांनी हाताने उतरवल्या. अशा प्रतिकृतीत डोळ्याला दिसले तेवढेच येते. पुसट रेषा कोठे संपते, हा निर्णय काढणाऱ्याने आधीच घेतलेला असतो.

त्याआधीची एक कथा अधिक बोचरी आहे. आर्चिबाल्ड कार्लाइल यांना १८६७-६८ मध्ये मिर्झापूरजवळ सोहागीघाट येथे शैलचित्रे आढळली. तेथील सूक्ष्मास्त्रे आणि घासलेल्या रंगद्रव्याचे तुकडे पाहून त्यांनी ती प्रागैतिहासिक असल्याचे ताडले. टिपणे मात्र छापली गेली नाहीत. व्हिन्सेंट स्मिथ यांनी ती १९०६ मध्ये उजेडात आणली. दरम्यान स्पेनमध्ये १८७९ साली अल्तामिराची चित्रे सापडली, संशोधक सौतुओला यांच्यावर बनावटीचा आळ आला आणि ते कलंक घेऊनच वारले. त्यांच्या बाजूने कार्लाइल यांचा दाखला कोणी देणार तरी कसा? तो एका माणसाच्या वहीत होता.

छायाचित्राने हा प्रश्न सुटला असे वाटते. पण २०२१ मध्ये भीमबेटकाच्या एका गुहेतील आकृतीला ‘डिकिन्सोनिया’ या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा जीवाश्म म्हटले गेले, तेही मुख्यतः छायाचित्रांच्या आधारे. पुढे दुसऱ्या चमूने प्रत्यक्ष जाऊन पाहिले तेव्हा ती आकृती खडकावरून झडू लागली होती. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते! दावा करणाऱ्यांनी दुरुस्ती मान्य केली, ही गोष्ट त्यांच्या श्रेयाची.

म्हणून एकच भिंत वेगवेगळ्या तारखांना, मोजपट्टी आणि रंगपट्टीसह टिपलेली हवी, आणि मूळ फाइल सर्वांना खुली हवी. जॉन हार्मन यांची ‘डीस्ट्रेच’ ही संगणकप्रणाली लाल, हिरव्या व निळ्या घटकांमधील सहसंबंध काढून टाकून उरलेला फरक ताणते. त्यामुळे डोळ्याला न दिसणारी गेरूची रेघ उठून येते. मात्र ते रंग खरे नसतात. मूळ प्रतिमा हाताशी नसेल तर रेघ चित्रकाराची की गणिताची, हे तपासता येत नाही.

खुलेपणाला एक अपवाद रास्त ठरतो: पहारा नसलेल्या शैलाश्रयांचे अचूक अक्षांश-रेखांश. भीमबेटका २००३ पासून जागतिक वारसा आहे. विंध्यातील कित्येक चित्रित कड्यांपाशी साधी पाटीही नाही.