कोल्हापुरी चपलेची शिलाई
कोल्हापुरी चपलेची मूळ शिलाई आरी आणि चामड्याच्या वादीची. तिला ना खिळा लागतो, ना सुताचा दोरा. राजर्षी शाहूंच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) या धंद्याला राजाश्रय लाभला. हातशिलाईला यंत्राचा पर्याय मात्र त्याआधीच आला होता: बुटाचा तळ शिवणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत लायमन ब्लेक यांनी १८५८ सालीच घेतले होते. चामड्यासाठी यंत्र लावताना धारदार टोकाची सुई लागते. टाका मात्र लांबच ठेवावा लागतो, कारण चामड्यातले भोक बुजत नाही आणि दाट भोकांच्या रांगेवर पट्टा फाटतो. वरच्या-खालच्या दोऱ्यांचा ताण जुळला की गाठ चामड्याच्या जाडीत दडते. तरीही वादीच्या हातशिलाईची सर यंत्राला नाही. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे येतात.