मराठी कागदातील अरबी : इतिहासाच्या वर्गासाठी एक साधनविचार
(सोलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

मध्ययुगीन भारताचा इतिहास शिकविताना अरब जगाचा उल्लेख सामान्यतः दोन ठिकाणी येतो : सिंधवरील इ.स. ७१२ ची स्वारी आणि पश्चिम किनाऱ्यावरील व्यापार. त्यानंतर अरबी भाषा व संस्कृती हा विषय अभ्यासक्रमातून जवळजवळ नाहीसा होतो. अरबी म्हणजे एका समाजाच्या धर्मशिक्षणाची भाषा, अशी समजूत विद्यार्थ्यांत आणि काही अंशी अध्यापकांतही रूढ आहे. वस्तुतः महाराष्ट्रातील कुलकर्णी, चिटणीस आणि फडणीस यांच्या लेखणीतून कित्येक पिढ्या अरबी शब्द रोज उतरत होते. ज्या कागदांवर मराठ्यांच्या इतिहासाची इमारत उभी आहे, त्यांतील असंख्य कागदांची कालनोंदच अरबी संख्यांत आहे.

प्रस्तुत लेखात सोलापूर परिसरातील महाविद्यालयीन अध्यापकाला स्वतंत्र अरबी विभाग, प्रयोगशाळा किंवा खर्चिक साहित्य नसतानाही या विषयाची कोणती अध्यापन-साधने उपलब्ध आहेत, याचा विचार केला आहे.

१. शुहूर सन : कागदाच्या माथ्यावरील अरबी

मोडी कागदांत वारंवार आढळणारा 'शुहूर' अथवा 'सुहूर' सन हे या विषयाचे सर्वांत जवळचे साधन होय. 'शुहूर' हे 'शहर' म्हणजे महिना या अरबी शब्दाचे अनेकवचन. या सनाला अरबी सन किंवा मृगसाल असेही म्हणतात. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी त्याचे नवे वर्ष सुरू होते. म्हणजे नाव अरबी, अंक अरबी, परंतु वर्षारंभ मात्र दख्खनच्या शेतकऱ्याच्या पेरणीचा. हिजरी वर्ष चांद्र असल्याने दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते आणि सारावसुलीला ते गैरसोयीचे ठरते. शुहूर सन सौर असल्यामुळे ही अडचण राहिली नाही. हिजरी ७४५ म्हणजे इ.स. १३४४ मध्ये, मुहंमद तुघलकाच्या काळात, हे दोन्ही सन एकत्र होते. तेथून ते एकमेकांपासून दूर होत गेले.

वर्गात पुढील संख्या फळ्यावर लिहून देणे पुरेसे आहे : इहिदे (१), इसन्ने (२), सलास (३), अर्बा (४), खमस (५), सीत (६), सबा (७), समान (८), तिसा (९), अशर (१०), अशरीन (२०), सलासीन (३०), अर्बैन (४०), खमसैन (५०), सितैन (६०), सबैन (७०), समानीन (८०), तिसैन (९०), मया (१००), मयातैन (२००) आणि अलफ (१०००). लेखनभेद पुष्कळ आढळतात, पण मूळ रूप ओळखता आले म्हणजे अडत नाही. संख्या एककापासून सुरू होते. 'इहिदे सितैन' म्हणजे आधी एक, मग साठ. मराठी 'एकसष्ट' या शब्दाची घडणही अशीच असल्याने मराठी विद्यार्थ्याला हा क्रम परका वाटत नाही.

शुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन मिळतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. ११६१ मध्ये ६०० मिळविता तेच वर्ष येते.

हे गणित केवळ पाठांतराचे नाही. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी, शके १५८१ मध्ये झाला. त्या वेळी शुहूर सन १०६०, म्हणजे 'सितैन व अलफ', आणि हिजरी सन १०७० चालू होता. शुहूर १०६० चा कागद हिजरी समजून वाचला, तर तो इ.स. १६५० मध्ये जाऊन पडतो आणि शिवचरित्रातील घटनाक्रम नऊ वर्षांनी विस्कटतो. अरबी संख्या आणि दोन सनांतील भेद ठाऊक नसेल, तर अस्सल कागद हाती असूनही चुकीचा इतिहास लिहिला जाऊ शकतो.

२. एका धातूची शब्दकुटुंबे

दुसरे साधन म्हणजे नित्याची मराठी. अरबी शब्दांची घडण बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर होते. व्याकरणाचे हे मर्म मराठी शब्दांवरूनच समजावता येते. ह-स-ल या धातूपासून हासील, महसूल व तहसील; अ-म-ल पासून अंमल, मामला, मामलत आणि त्यांवरून अंमलदार, मामलेदार; व-र-स पासून वारस, वारसा आणि मिरास. शेवटची दोन उदाहरणे इतिहासाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहेत. मिरास म्हणजे मूळ अर्थाने वारसा. गावगाड्यात तो वंशपरंपरागत जमीनहक्काचा पारिभाषिक शब्द झाला. मिरासदार आणि उपरी यांतील भेद शिकविताना हा अर्थ सांगितला, तर हक्काचे स्वरूप व्याख्येशिवाय उलगडते. 'तालुका' या शब्दात संबंध, तर 'जिल्हा' या शब्दात बरगडी किंवा बाजू हा मूळ अर्थ आहे.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. हे शब्द बहुतांशी फारसीच्या मार्गाने मराठीत आले. त्यामुळे अरबीतील 'स'सारखे ऐकू येणारे निरनिराळे वर्ण मराठीत एकरूप झाले आणि कंठ्य ध्वनी लोपले. केवळ उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती सांगणे धोक्याचे आहे. यासाठी दोन कोश हाताशी असावेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) शब्दांचे मूळ अक्षरखुणांनी दर्शविले आहे, माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश (१९२५) त्याला पूरक ठरतो.

याच संदर्भात शिवकालीन राज्यव्यवहारकोशाचा विचार व्हावा. प्रशासनातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून तो सिद्ध झाला. पर्याय देण्यासाठी मूळ शब्द नोंदविणे भागच होते. त्यामुळे जे शब्द बाजूला सारायचे, त्यांचीच व्यवस्थित यादी त्या कोशात शिल्लक राहिली. राज्याभिषेक शकही १६७४ मध्ये सुरू झाला, तथापि शुहूर सनाचा वापर पेशवाईअखेर चालूच राहिला. राजकीय भूमिका आणि दफ्तराची सवय यांची गती एकसारखी नसते, हा निष्कर्ष विद्यार्थ्यांना स्वतः काढू द्यावा.

३. अरबांच्या नजरेतून दख्खन

अरबी प्रवासवृत्ते हे तिसरे साधन. इ.स. ८५१ च्या सुमारास संकलित झालेल्या, सुलेमान व्यापाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृत्तान्तात 'बल्हरा' राजाची थोरवी वर्णिली आहे. बल्हरा म्हणजे वल्लभराज, अर्थात राष्ट्रकूट सम्राट. त्यांची राजधानी मान्यखेट म्हणजे सोलापूरलगतच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. अरब लेखक तिला 'मानकीर' म्हणतात. अल् मसूदी हिजरी ३०४ मध्ये (इ.स. ९१६-१७) सैमूर म्हणजे चौल येथे आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो सांगतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्यांबरोबर याच भूमीत जन्मलेल्यांचीही तो नोंद करतो.

प्रवाशाचे कथन पडताळून पाहण्यासाठी स्थानिक पुरावा हवा. तो चिंचणी (जि. पालघर) येथील ताम्रपटांत आहे. राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळातील शके ८४८ (इ.स. ९२६) च्या ताम्रपटात संयान म्हणजे संजाण मंडलाचा अधिकारी म्हणून 'ताजिक' मधुमतीचा उल्लेख येतो. ताजिक म्हणजे अरब आणि मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप, असे दिनेशचंद्र सरकार यांनी दाखविले. या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत मठाला दान दिल्याची नोंद त्यात आहे. अरबी ग्रंथ आणि संस्कृत ताम्रपट शेजारी ठेवून वाचण्याचा असा प्रसंग वर्गात क्वचितच मिळतो.

४. सोलापूर परिसरातील स्थळे

चांदबिबीच्या विवाहात सोलापूरचा किल्ला ज्या पहिल्या अली आदिलशहाला आंदण मिळाला, त्यालाच मलबारच्या जैनुद्दीन मखदूमने पोर्तुगीजांविरुद्धच्या संघर्षावरील 'तुहफतुल मुजाहिदीन' हा अरबी ग्रंथ अर्पण केला. विजापूरला सहल नेल्यास गोलघुमटाच्या दारावरील लेख अवश्य दाखवावा. त्यातील तीन वाक्यांपैकी प्रत्येकाच्या अक्षरांची अबजद पद्धतीने बेरीज केली असता मुहंमद आदिलशहाच्या मृत्यूचे वर्ष, हिजरी १०६७ (इ.स. १६५६), मिळते. वाक्ये फारसी, पण अक्षरांना अंकमूल्य देण्याची रीत अरबी परंपरेतील. नुक्ते झिजलेल्या शिलालेखांत सबैन (७०) आणि तिसैन (९०) यांची गल्लत होते, हेही येथेच सांगता येईल.

अरबांचा या भूमीशी शेवटचा मोठा राजकीय संबंध सैनिक म्हणून आला. येमेनमधील हद्रमौत प्रांतातून आलेले अरब शिपाई मराठी सरदारांच्या चाकरीत होते. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूर घेतले, तेव्हा पेशव्यांच्या बाजूने लढणाऱ्यांत अरबही होते. त्याच उन्हाळ्यात मालेगावचा किल्ला मुख्यतः अरबांनीच लढविला. मराठवाड्यातील 'चाऊश' समाज ही या स्थलांतराची जिवंत आठवण. सोलापूरच्या पाडावाचे शुहूर वर्ष विद्यार्थ्यांना काढण्यास सांगावे : १८१८ मधून ६०० वजा करता १२१८, म्हणजेच 'समान अशर मयातैन व अलफ'.

५. वर्गातील विनियोग

वरील साधनांवरून चार तासिकांचा घटक सहज आखता येतो. पहिल्या तासिकेत संख्या आणि सनांचे रूपांतर. दुसरीत एखाद्या मुद्रित ऐतिहासिक पत्राचा मायना व शब्दकुटुंबांचा शोध. तिसरीत प्रवासवृत्त व ताम्रपट यांचे तुलनात्मक वाचन. चौथीत स्थळभेट अथवा घरातील जुन्या कागदांची पाहणी. सोलापूर परिसरातील अनेक कुटुंबांत वतनाचे, जमिनीचे जुने मोडी कागद असतात. त्यांच्या छायाप्रती वर्गात आणाव्यात. मूळ कागद हाताळू नयेत, त्यांना चिकटपट्टी लावू नये, ही शिस्तही त्यातच शिकविली जाईल. मराठी, इतिहास आणि उर्दू या तीन विभागांनी हा घटक एकत्रितपणे घेतल्यास उत्तम. मोडी जाणणाऱ्या अध्यापकाला अरबी संख्येचे मूळ रूप हवे असते आणि अरबी लिपी जाणणाऱ्याला दफ्तरी मराठीचा संदर्भ.

समारोप

अरबी भाषेत प्रावीण्य मिळविणे हा दीर्घ अभ्यासाचा विषय आहे आणि त्याचा पर्याय म्हणून हा घटक सुचविलेला नाही. मात्र मराठ्यांचा इतिहास शिकणाऱ्या पदवीधराला त्या इतिहासाच्या कागदावरील तारीख वाचता येऊ नये, ही उणीव दूर करणे आपल्या हाती आहे. मोडी वाचणाऱ्यांची संख्या मुळातच मर्यादित. त्यांतही जो वाचक 'सितैन' या शब्दापाशी थांबतो, त्याच्यापुढे कागद उघडा असूनही बंदच राहतो. तीस संख्यांहून कमी शब्दांचे हे पाठांतर आहे. ते करून देताना विद्यार्थ्याला हेही उमगेल, की ज्या भाषेला तो दुसऱ्याची समजत होता, तिच्यात त्याच्याच पणजोबांच्या शेताचा हक्क नोंदविलेला आहे.