पंख्याला मानवणारा वेग : होडीच्या गिअरची कुळकथा

मुंबईतील कफ परेडच्या मच्छीमार नगरासमोर नांगरलेल्या यांत्रिक होडीत इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये जी लोखंडी पेटी बसवलेली असते, तिचे कूळ मोटारगाडीच्या गिअरबॉक्सहून जुने आहे. इंजिनाचे फेरे कमी करून पंख्याला देणे, पंख्याची दिशा उलटवणे आणि जाळे होडीत ओढून घेताना किंवा किनाऱ्याला लागताना दोघांना एकमेकांपासून सोडवणे, ही या ‘रिडक्शन गिअर’ची कामे असली, तरी त्याचा पूर्वज नेमक्या उलट गरजेतून जन्मला होता. ब्रिस्टल येथे १८४३ साली पाण्यात उतरलेल्या ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजाचे वाफेचे इंजिन मिनिटाला जेमतेम १८ फेरे घेत असे, आणि तेवढ्यावर पंखा काम देणार नाही म्हणून तिचा अभियंता ब्रुनेल याने साखळी व दातेरी चक्रे लावून त्याचा वेग सुमारे तिप्पट केला.

हे गणित चार्ल्स पार्सन्सच्या वाफेच्या टर्बाइनने पालटले. ‘टर्बिनिया’ या १८९४ सालच्या प्रायोगिक नौकेत त्याने टर्बाइन थेट पंख्याला जोडले, तेव्हा पंखा इतक्या वेगाने फिरू लागला की पात्यांमागचा दाब घसरून तेथे पाण्याच्या वाफेचे बुडबुडे होत आणि पात्यांचा जोर पाण्याला लागेनासा होई. तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन पंखे बसवून त्याने ती अडचण दूर केली आणि १८९७ साली ब्रिटिश आरमाराच्या संचलनात ३४ नॉटहून अधिक वेग दाखवला. परंतु संथ मालवाहू जहाजांना हा उपाय लागू पडणारा नव्हता. म्हणून ‘व्हेस्पेशियन’ नावाचे जुने मालवाहू जहाज घेऊन १९०९-१० च्या सुमारास त्याने टर्बाइन आणि पंखा यांच्यामध्ये फेरे सुमारे विसाव्या हिश्श्यावर आणणारी दातेरी चक्रे बसवली. इंजिनाने आपल्या सोयीच्या वेगाने फिरावे आणि पंख्याने त्याच्या, हे तत्त्व येथून रूढ झाले, आणि होडीच्या फेरे घटवणाऱ्या गिअरचे मूळ येथेच मानले पाहिजे.

मोटारगाडीची वाट वेगळी पडली, कारण उभ्या गाडीला हलवतानाच सर्वाधिक जोर लागतो आणि पेट्रोल इंजिन कमी फेऱ्यांवर तो देऊ शकत नाही. १८९१ सालच्या पानार-लेव्हासोर गाडीतील सरकत्या गिअरांपासून चालत आलेली अनेक टप्प्यांची रचना याच कारणाने टिकली. ड्रॅग रेसिंग, म्हणजे सुमारे ४०२ मीटर सरळ पल्ल्याची शर्यत, यात मात्र जुन्या गाड्यांसाठी चार टप्प्यांच्या हाती गिअरबॉक्सबरोबर शेव्हरोलेच्या १९५० सालच्या दोनच टप्प्यांच्या ‘पॉवरग्लाइड’ या स्वयंचलित पेटीलाही मान आहे. तिच्यातील टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलात समोरासमोर फिरणारी पात्यांची चाके, सुटताना घसरत घसरत जोर वाढवतात, त्यामुळे टप्पे कमी असूनही चालतात. होडीच्या बाबतीत घसरण्याची ही सोय समुद्रच करून देतो: पंख्याला होणारा विरोध त्याच्या फेऱ्यांच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने सुरुवातीला इंजिनावर भार जवळजवळ नसतोच, आणि पुढे जाण्यासाठी एकच गिअर पुरतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शिडाच्या होडीत इंजिन बसवण्याच्या कामाने स्वातंत्र्यानंतर, सरकारी कर्जे आणि मच्छीमार सहकारी संस्था यांच्या आधाराने जोर धरला, आणि सातपाटीचे नाव त्यात अग्रभागी राहिले. पुढे अशोक लेलँडची ट्रक-बसच्या इंजिनांवरून घडवलेली सागरी इंजिने या व्यवसायात मोठ्या प्रमाणावर आली. मिनिटाला पंधराशे ते दोन हजार फेरे घेणारे असे इंजिन थेट पंख्याला जोडणे म्हणजे पार्सन्सचीच जुनी अडचण ओढवून घेणे होते.

गिअर निवडताना इंजिनाच्या अश्वशक्तीचा आकडा प्रथम विचारला जातो. वास्तविक पहिला प्रश्न पंख्याच्या व्यासाचा असायला हवा. मोठा आणि संथ पंखा अधिक पाणी मागे ढकलतो, त्यामुळे जड जाळे सावकाश ओढणाऱ्या ट्रॉलरला ३:१ (इंजिनाचे तीन फेरे, पंख्याचा एक) किंवा त्याहून अधिक घट लाभदायक ठरते, तर जाळे टाकायच्या जागी लवकर पोहोचणे जिला महत्त्वाचे, त्या हलक्या होडीला २:१ च्या आसपासची घट पुरते. परंतु मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक होतो, आणि उथळ किनाऱ्यावरची होडी ओहोटीला चिखलावर टेकते. तेव्हा पंखा तळकाठाच्या खाली उतरू देता येत नाही आणि त्याच्या व्यासाला मर्यादा पडते. लहान पंख्याला मोठी घट दिली तर इंजिनाची ताकद वाया जाते. ती भरून काढण्यासाठी पात्यांचा पीच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितके अंतर कापू पाहतो ते अंतर, फार वाढवला तर इंजिन भाराखाली दबून काळा धूर सोडते. गिअरची घट कारखान्यातच ठरून येते आणि सहसा बदलता येत नाही, म्हणून ही जुळणी चुकली तर पावसाळी मासेमारीबंदीत होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना पंखाच उतरवून त्याचा पीच दुरुस्त करून घ्यावा लागतो.