चौकातील शिल्प कोणाचे?

गगनचुंबी इमारतींचा इतिहास सांगताना शिकागो शहराला वगळता येत नाही. १८७१ साली या शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला आणि त्यानंतर तेथे नव्या बांधणीचे युग सुरू झाले. भिंतीने भार सोसावयाचा ही जुनी रीत मागे पडली. लोखंडी सांगाडा भार घेऊ लागला आणि भिंत केवळ पडद्यापुरती उरली. १८८५ साली पूर्ण झालेली दहा मजली होम इन्शुरन्स इमारत ही पुष्कळ अभ्यासक या वंशाची मूळपुरुष मानतात. ही उंची आपल्या परिचयाची आहे. आज विचार करावयाचा आहे तो इमारतीच्या पायाशी उरणाऱ्या जमिनीचा.

१९६५ साली शिकागोच्या मध्यवस्तीत, महापालिकेच्या जुन्या वास्तूसमोर, न्यायालये व सरकारी कचेऱ्या यांसाठी 'सिव्हिक सेंटर' पूर्ण झाले. त्याचे प्रमुख रचनाकार जाक ब्राउनसन हे मीस व्हान डेर रोह यांच्या परंपरेत शिकलेले. इमारतीची उंची ६४८ फूट, पण मजले अवघे ३१. एरवी एवढ्या उंचीत पन्नासाच्या आसपास मजले सहज बसले असते. येथे न्यायदालनांना उंच छत हवे होते. खांबाखांबांत ८७ फुटांपर्यंत अंतर ठेवले, म्हणजे आतील दालने गरजेप्रमाणे मांडता यावीत. बाहेरून जे पोलाद वापरले त्याला कॉर-टेन म्हणतात. हे पोलाद एकदा गंजते आणि त्या गंजाचा घट्ट थरच आतील धातूचे रक्षण करतो. रंग द्यावयाचे कारण पडत नाही. गंज म्हणजे नाश, हा आपला अनुभव. येथे गंजच चिलखत झाला.

परंतु या वास्तूचा खरा मोठेपणा तिने न व्यापलेल्या जागेत आहे. जेथे जमिनीला सोन्याचे मोल, तेथे इमारत उत्तरेकडे सारून दक्षिणेकडे विस्तीर्ण चौक मोकळा ठेवला. चावडी बांधली आणि चावडीपुढचे अंगण लोकांना दिले, असेच म्हणा ना!

या अंगणासाठी शिल्प करावे, अशी विनंती वास्तुतज्ज्ञ विल्यम हार्टमन यांनी १९६३ साली पाब्लो पिकासो यांना केली. पिकासो अमेरिकेत कधीच गेले नव्हते आणि पुढेही गेले नाहीत. त्यांनी साडेतीन फुटांची प्रतिकृती तयार केली, देऊ केलेला एक लाख डॉलरांचा मोबदला नाकारला आणि ती कृती शिकागोच्या लोकांना भेट दिली. तिच्यावरून इमारतीच्याच पोलादात ५० फूट उंचीचे, १६२ टनांचे शिल्प घडविले गेले. सुमारे साडेतीन लाख डॉलरांचा खर्च तीन धर्मादाय संस्थांनी उचलला. १५ ऑगस्ट १९६७ रोजी महापौर रिचर्ड डेली यांनी अनावरण केले.

लोक चक्रावले. कोणाला त्यात स्त्रीचा चेहरा दिसला, कोणाला पक्षी, कोणाला माकड. त्याऐवजी बेसबॉलपटू अर्नी बँक्स यांचा पुतळा बसवावा, अशी सूचना एका नगरसेवकाने केली. आज विचित्र वाटते ते उद्या परिचयाचे होईल, अशा आशयाचे उद्गार महापौरांनी अनावरणाच्या वेळी काढले होते. ते खरे ठरले. शिल्पाच्या उतरत्या पायावर मुले घसरगुंडी खेळू लागली.

येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. लोकांना भेट मिळालेल्या या शिल्पावर इमारतीच्या सार्वजनिक मंडळाने स्वामित्वहक्क सांगितला. प्रती काढावयाच्या तर परवानगी घ्यावी, असे त्याचे म्हणणे. एका प्रकाशनसंस्थेने त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि १९७० साली निकाल मंडळाच्या विरुद्ध गेला. प्रतिकृती आधीच प्रदर्शनात मांडली होती, तिची छायाचित्रे वृत्तपत्रांना मुक्तहस्ताने वाटली होती, आणि त्या काळच्या कायद्याला आवश्यक अशी हक्काची सूचना तिच्यावर नव्हती. म्हणून कृती सर्वांची झाली.

हा लोकांचा विजय खरा. पण तो तत्त्वाच्या बळावर मिळाला नाही, एका राहून गेलेल्या सूचनेमुळे मिळाला, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९८९ पासून अमेरिकेत नव्या कृतींना अशी सूचना लावण्याचे बंधन नाही. त्यामुळे केवळ चौकात उभे असल्याने शिल्प लोकांचे होते, असे मानता येत नाही.

सिव्हिक सेंटरचा कित्ता पुढे शिकागोने गिरविला. १९७४ साली जवळच्या संघराज्य कचेऱ्यांपुढे काल्डर यांचे तांबडे 'फ्लेमिंगो' आले. त्याच वर्षी एका बँकेच्या मनोऱ्याखाली शागाल यांची 'चार ऋतू' ही जडावकृती उभी राहिली. १९७८ साली सार्वजनिक बांधकामाच्या खर्चातील काही भाग कलेसाठी राखण्याचा नियम शहराने केला. डेली यांच्या निधनानंतर, १९७६ साली, सिव्हिक सेंटरला त्यांचे नाव देण्यात आले.

तात्पर्य, शहरातील मोकळी जागा आणि तेथील कला आपोआप लोकांची होत नाही. कोणीतरी जागा सोडावी लागते, कोणीतरी दान द्यावे लागते, आणि देऊन झाल्यावर त्या दानावर पुन्हा कुंपण पडत नाही ना, हे नागरिकांनी पाहावे लागते. पहिल्या दोन गोष्टी थोर माणसांच्या हातच्या आहेत. तिसरी मात्र तुमच्याआमच्या हातची आहे.