स्मॅशआधीची पावलं

व्हॉलीबॉल जन्मला तेव्हा त्यात स्मॅश नव्हता. 1895 मध्ये अमेरिकेतल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ सुरू केला, तेव्हा नेट जेमतेम साडेसहा फुटांवर होतं आणि बॉल कितीही वेळा टोलवायला मुभा होती. धावत येऊन उडी मारायची गरजच काय?

ती गरज निर्माण केली फिलिपिन्सने. 1916 च्या सुमारास तिथल्या खेळाडूंनी एकाने बॉल नेटजवळ उंच चढवायचा आणि दुसऱ्याने तो वरून हाणायचा, अशी रीत काढली. त्या फटक्याला ते ‘बॉम्बा’ म्हणत. 1920 मध्ये तीन स्पर्शांचा नियम आला आणि तिसरा स्पर्श हल्ल्याचा, हे ठरल्यासारखंच झालं. पुरुषांचं नेट आज 2.43 मीटरवर असतं. त्याच्या वरून बॉल हाणायचा तर पायांचीच मदत हवी.

उजव्या हाताने मारणाऱ्याची पावलं डावं, उजवं, डावं अशी पडतात. पहिलं सावकाश, फक्त दिशा धरणारं. दुसरं लांब आणि झपकन. टाच टेकते त्याच क्षणी दोन्ही हात मागे गेलेले असतात. तिसरं लगोलग त्याच्या किंचित पुढे, पंजा थोडा आत वळवून. पुढची धाव इथे अडते आणि वर वळते. सगळी उडी या शेवटच्या दोन पावलांत आहे.

पावलं तीच राहिली, वेळ मात्र बदलली. प्रशिक्षक मात्सुदायरा यांच्या जपानी पुरुष संघाने 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं. त्यांचा क्विक, म्हणजे झटपट फटका, मारणारा खेळाडू बॉल चढवणाऱ्या सेटरच्या हातातून बॉल सुटण्याआधीच झेपावलेला असे. 1976 मध्ये पोलंडच्या वोयतोविचने नेटपासून तीन मीटरवरच्या रेषेमागून उडी घेऊन मागची फळीही हल्ल्यात आणली.

मैदानात तीच राहिलेली पावलं वाळूत मात्र बदलतात. गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पेडण्याची मुलं खेळतात ती वाळूत, आणि वाळू टाचेला दाद देत नाही. तिथे शेवटची दोन पावलं आखूड आणि जवळजवळ टाकावी लागतात, उडी सरळ वर. मैदानातली सवय तशीच किनाऱ्यावर नेली तर पाय रुततो आणि बॉल निसटतो.

म्हणून शिकवणाऱ्यांना विनंती: सुरुवातीला बॉल बाजूला ठेवा. आधी शेवटची दोन पावलं घोटून घ्या, मग त्यांच्यामागे पहिलं जोडा. मातीत आणि वाळूत, दोन्हीकडे.