ऑनबोर्डिंग : रचनेवरील अभिप्राय

मोबाइल ॲप प्रथमच उघडणारा माणूस नोंदणी, ओटीपी, परवानग्या आणि पहिले काम या टप्प्यांतून कसा पार पडतो, हे पाहून ॲपच्या रचनाकारांना दिलेला मुद्देसूद अभिप्राय. या पहिल्या वाटचालीला सॉफ्टवेअर व्यवसायात ‘ऑनबोर्डिंग’ म्हणतात. रंग, चित्रे आणि बटणांची जागा यांचा विचार अभिप्रायात होतो. पण ज्या कामासाठी ॲप घेतले ते काम नवख्याला करता आले का, हा त्यातील मुख्य प्रश्न असतो. ठाणे स्थानकाच्या पूर्वेला लागून असलेल्या कोपरीतील रहिवाशाच्या दृष्टीने पाहिले, तर लोकलच्या तिकिटासाठी आणलेले यूटीएस ॲप हे या विषयाचे उत्तम उदाहरण ठरते.

पार्श्वभूमी : १९८०च्या दशकात जॉन कॅरोल यांनी आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात संगणकावर प्रथमच बसणाऱ्यांचा अभ्यास केला. नवखे लोक माहितीपुस्तिका वाचत बसत नाहीत, थेट कामाला हात घालतात आणि अडले की पूर्वानुभवावरून अंदाज बांधतात, असे त्यांना आढळले. १९८७ मध्ये मेरी बेथ रॉसन यांच्यासह त्यांनी हा विचार सविस्तर मांडला. ॲप उघडताच येणाऱ्या ओळखीच्या स्क्रीन अनेक जण न वाचता पुढे का सरकवतात, याचा उलगडा त्यातून होतो. याकोब नील्सन आणि रॉल्फ मोलिख यांनी १९९० मध्ये ठरावीक निकषांवर रचना तपासण्याची पद्धत दिली. पुढे नील्सन यांनी प्रत्येक फेरीत पाच जणांची चाचणी घेऊन रचना सुधारावी आणि पुन्हा तपासावी, असे सुचवले. महाराष्ट्रात पवई येथील आयआयटी मुंबईच्या आयडीसी या १९६९ मध्ये सुरू झालेल्या अभिकल्प विभागात या क्षेत्राचे अध्यापन व संशोधन चालते.

यूटीएस ॲप : रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने तयार केलेली ही सेवा मुंबई उपनगरी मार्गांवर डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. आरंभी मोबाइलवर तिकीट काढले तरी त्याची छापील प्रत स्थानकावरील यंत्रातून घ्यावी लागे. २०१५ मध्ये कागदाविना तिकीट आले आणि त्याबरोबर जागेची अटही आली. गाडीत बसल्यावर तपासनीस दिसताच कोणी तिकीट काढू नये, यासाठी रुळांपासून किमान ठरावीक अंतर दूर असतानाच ते काढता येते. फोन कुठे आहे हे ॲप जीपीएसवरून ठरवते.

कोपरीत ही अट विशेष जाणवते. ऐरोली-वाशीकडे जाणारी ट्रान्स-हार्बर मार्गाची गाडी स्थानकाच्या पूर्वेकडील फलाटांवरून सुटते, त्यामुळे पूर्वेच्या प्रवेशापासून रूळ अगदी जवळ आहेत. खिडकीवरची रांग पाहून तिथेच ॲप घेणारा प्रवासी नोंदणी पूर्ण करील, आर-वॉलेट या रेल्वेच्या डिजिटल पाकिटात पैसेही भरील, आणि नेमके तिकीट काढतानाच अडेल. जुन्या वापरकर्त्याला घरून निघतानाच तिकीट काढायची सवय असते, म्हणून त्याला विचारून हा अडथळा सापडत नाही.

नियम आणि रचना : असा अडथळा नोंदवताना त्याचे मूळ वेगळे करावे लागते. अंतराची अट हे रेल्वेचे धोरण आहे, ते स्क्रीन आखणाऱ्याच्या हाती नाही. ती अट नोंदणीपूर्वी सांगायची की शेवटच्या पायरीवर, हा मात्र रचनेचा प्रश्न आहे. ‘तुम्ही स्थानकाच्या आवारात आहात’ एवढेच सांगून थांबायचे की पुढचा मार्ग दाखवायचा, हेही रचनेतच येते. दोन्ही गोष्टी एकाच तक्रारीत मिसळल्या, तर ‘नियमच तसा आहे’ या एका उत्तराने सुधारता येण्याजोगा भागही बाजूला पडतो.

नियमांतही बदल होऊ शकतो. स्थानकात लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून तिकीट काढण्याची सोय रेल्वेने पुढे दिली. स्थानकापासून जास्तीत जास्त किती दूर असताना तिकीट काढता येते, ही मर्यादा २०२४ मध्ये उठवली. आवारातील बंधन कायम ठेवले.

अभिप्रायाची मांडणी : निरीक्षण शक्यतो प्रत्यक्ष जागी, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर आणि खऱ्या कामासह करावे. मनात येईल ते मोठ्याने बोलायला त्याला सांगावे. बटण मात्र दाखवू नये. नोंदीत चार गोष्टी असाव्यात : कोणती स्क्रीन, वापरणाऱ्याला काय करायचे होते, प्रत्यक्षात काय घडले, त्यामुळे काय अडले. ‘नोंदणी किचकट आहे’ या शेऱ्यावरून काहीच दुरुस्त करता येत नाही. ‘जीपीएसची परवानगी नाकारल्यावर पुढे काय करायचे ते स्क्रीनवर दिसले नाही, प्रवाशाने ॲप बंद करून रांग धरली’ अशा नोंदीवरून मात्र कामाला लागता येते. काम थांबवणाऱ्या अडचणी आधी, वेळ घालवणाऱ्या नंतर आणि केवळ खटकणाऱ्या शेवटी लिहाव्यात. सुचवलेला उपाय निरीक्षणापासून वेगळा ठेवावा, म्हणजे उपाय पटला नाही तरी निरीक्षण वाया जात नाही.

परवानगी, भाषा आणि संमती : अँड्रॉइडच्या २०१५ मधील सहाव्या आवृत्तीपासून जीपीएस, कॅमेरा यांसारख्या परवानग्या ॲप चालू असताना, गरजेच्या वेळी मागता येतात. त्यामुळे परवानगी कोणत्या क्षणी आणि कोणते कारण देऊन मागितली, हे तपासणे अभिप्रायाचा भाग झाले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या वसाहतीमुळे कोपरीत मराठीसोबत सिंधीही बोलली जाते. चाचणीसाठी माणसे निवडताना वय आणि फोन यांबरोबर भाषाही पाहावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. मराठी आणि सिंधी या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत.

पुढील टप्पा : १ जुलै २०२५ रोजी रेल्वेने आरक्षित व अनारक्षित तिकिटांसाठी ‘रेलवन’ हे एकत्रित ॲप आणले. यूटीएसच्या जुन्या खात्याने त्यात प्रवेश करता येतो. एम-पिन किंवा बोटाच्या ठशाने लॉगिनची सोय आहे. जुन्या प्रवाशाची पुन्हा नोंदणी त्यामुळे टळते. प्रथमच येणाऱ्याची वाट सोपी झाली का, हे मात्र स्वतंत्रपणे पाहावे लागते, आणि तेही प्रत्येक बदलानंतर नव्या माणसाकडून. एकदा वाट माहीत झालेला माणूस पुन्हा नवखा होत नाही. म्हणून त्याच व्यक्तीवर घेतलेली दुसरी चाचणी ऑनबोर्डिंगचा पुरावा मानली जात नाही.